कित्ता आणि स्वतःचे अक्षर

(केंद्र शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकारी यांनी केलेले भाषण)



आपल्या या परिषदेत पटनोंदणी, उपस्थिती, पोषण आहार आणि गुणवत्ता याच विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. या विषयांचे महत्त्व मी जाणतो. किंबहुना शाळाभेटीच्या वेळी त्यांवरून मी आपणास पुरेसा त्रासही देतो. आज मात्र आपली अनुमती गृहीत धरून मी एका कादंबरीविषयी बोलणार आहे. ती कादंबरी इंग्रजी आहे, कुमारांसाठी लिहिलेली आहे, आणि माझ्या प्रांजळ मताने ती फारशी स्वतंत्र नाही. असे असता तिच्यावर आपला अर्धा तास का खर्च करावा, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर भाषणाच्या ओघात मिळेल अशी मला आशा आहे.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मी एका उच्च प्राथमिक शाळेस भेट दिली. गाव डोंगराच्या कुशीत, पाण्याची टंचाई कायमची, आणि निम्मी घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी. हजेरीपत्रक, दाखले, धान्याचा साठा हे सर्व पाहून झाल्यावर सातवीच्या वर्गशिक्षिका बाईंनी एक जाडजूड वही माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या वर्गातील एका मुलीने ऐंशी पानांची एक सलग गोष्ट लिहिली होती. तालुका पातळीवरील कथालेखनाच्या स्पर्धेसाठी ती पाठवावी, असे बाईंचे म्हणणे होते. मुख्याध्यापकांचे मत नेमके उलट होते. मुलीच्या मामेभावाने शहरातून आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकातून ही गोष्ट उचलली आहे, स्पर्धेची अट ‘स्वरचित’ अशी आहे, आणि चोरी उघडकीस आल्यास शाळेची नाचक्की होईल, असे ते म्हणत होते. दोघेही प्रामाणिक होते. निवाडा त्यांनी माझ्यावर सोपवला.

मुलीला बोलावले. ती घाबरली नाही. मामेभावाने उन्हाळ्याच्या सुटीत रोज रात्री अंगणात ती गोष्ट सांगितली आणि जाताना पुस्तकही ठेवून गेला, असे तिने सरळ सांगितले. पुस्तकाला तिने वर्तमानपत्राचे वेष्टन घातले होते. ते माझ्या हाती देताना ती म्हणाली, “साहेब, तुम्ही वाचा आणि मला सांगा, चांगलं आहे का ते. दादाला लई आवडलंय.” अशा रीतीने सुमारे पाचशे पानांची ती कादंबरी माझ्या पिशवीत आली, आणि एका सातवीच्या विद्यार्थिनीने माझे प्रामाणिक मत मागितले असल्यामुळे ती मला शेवटपर्यंत वाचावी लागली. वयाच्या या टप्प्यावर शब्दकोश शेजारी ठेवून केलेले हे वाचन माझ्याही अभ्यासास उपकारक ठरले, हे नमूद करतो.

कादंबरीचे नाव ‘एरॅगॉन’. लेखक ख्रिस्तोफर पाओलिनी. त्याचा जन्म १९८३ चा. अमेरिकेतील मोंटाना राज्यात, डोंगरदऱ्यांच्या प्रदेशात तो वाढला. तो शाळेत गेला नाही. आईवडिलांनी त्याला घरीच शिकवले. वयाच्या पंधराव्या वर्षी शालेय अभ्यासक्रम पुरा करून त्याने ही कादंबरी लिहावयास घेतली. पहिला खर्डा झाल्यावर ती त्याने पुन्हा लिहून काढली, आणि २००२ साली आईवडिलांनीच ती छापून प्रसिद्ध केली. मग हा तरुण मध्ययुगीन पोशाख करून शाळाशाळांतून आणि ग्रंथालयांतून आपल्या पुस्तकाविषयी बोलत हिंडला. अशी शंभराहून अधिक व्याख्याने त्याने दिली. कार्ल हियासन या लेखकाच्या सावत्र मुलाला पुस्तक फार आवडले. त्याच्या मार्फत ते नॉफ या मोठ्या प्रकाशनसंस्थेकडे गेले आणि २००३ साली नव्याने निघाले. त्याचा प्रचंड खप झाला, २००६ साली चित्रपटही निघाला, आणि २०११ पर्यंत त्याच कथेचे आणखी तीन भाग आले. पंधरा वर्षांच्या मुलाने हाती घेतलेले एवढे काम तडीस नेले, ही गोष्ट लहान नाही. माझे पुढील बोलणे कठोर वाटले तर हे वाक्य आपण स्मरणात ठेवावे.

कथानक थोडक्यात असे. एरॅगॉन हा पंधरा वर्षांचा मुलगा डोंगराच्या पायथ्याशी मामाच्या शेतावर राहतो. आई त्याला जन्म देऊन निघून गेली आहे. बाप कोण हे ठाऊक नाही. शिकारीला गेला असता त्याला एक निळा, गुळगुळीत दगड सापडतो. तो दगड नसून ड्रॅगन या पंखधारी, अजस्र प्राण्याचे अंडे आहे. अंड्यातून मादी पिल्लू निघते. तिचे नाव सफिरा. दोघांची मने जुळतात आणि ती मुक्यानेच एकमेकांशी बोलू लागतात. पूर्वी अशा प्राण्यांवर आरूढ होणाऱ्या वीरांचा एक संघ राज्याचे रक्षण करीत असे. त्यांच्यातीलच एकाने विश्वासघात करून संघाचा नाश केला आणि तोच आता राजा आहे. राजाचे दूत अंड्याच्या शोधात येतात, शेत जाळतात, मामा मरतो. गावातला एक म्हातारा कथेकरी मुलाला एक तलवार देतो आणि त्याच्यासह प्रवासाला निघतो. हा म्हाताराही त्या संघातीलच एक आहे, असे पुढे कळते. तो वाटेत मरतो. मुलगा तुरुंगातून एका थोर कुळातील स्त्रीला सोडवतो, बंडखोरांच्या गुप्त ठाण्यावर पोचतो, आणि तेथील मोठ्या लढाईत शत्रूचा सेनानी त्याच्या हातून मारला जातो.

आता दुसरी एक गोष्ट सांगतो. एक तरुण ओसाड मुलखात काकाकाकूंच्या शेतावर राहतो. पकडली जाण्यापूर्वी एका राजकन्येने दूर पाठवलेली मोलाची वस्तू योगायोगाने त्याच्या हाती येते. दुष्ट सत्तेचे सैनिक तिच्या शोधात येतात, शेत जाळतात, काकाकाकू मरतात. शेजारी राहणारा एक म्हातारा पूर्वीच्या वीरसंघातील निघतो. तो मुलाला त्याच्या बापाची तलवार देतो, विद्या शिकवतो, आणि पुढे मरतो. राजकन्येची बंदिवासातून सुटका होते. बंडखोरांच्या ठाण्याजवळ मोठी लढाई होते. विजय मुलाच्या हातून मिळतो. ही १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाची कथा. एरॅगॉनला सापडलेले अंडेही बंदी झालेल्या त्या स्त्रीनेच शत्रूच्या हाती पडण्यापूर्वी मंत्राने दूर धाडलेले असते. दोन्ही गोष्टी फळ्यावर समोरासमोर लिहिल्या तर सहावीतील मुलेही खडूने जोड्या लावतील.

उसनवारी येथेच थांबत नाही. दीर्घायुषी वनवासी जमाती, डोंगरात कोरलेली बुटक्यांची नगरे, खास रचलेल्या भाषा आणि पुस्तकारंभीचा नकाशा हे सर्व टोल्किन या इंग्रज प्राध्यापकाच्या १९५४-५५ साली निघालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या ग्रंथाची आठवण करून देते. त्यातील ॲरागॉर्न या वीराचे नाव तर येथे जवळजवळ कानाशी येऊन बोलते. अंड्यातून निघालेला ड्रॅगन आपला स्वार निवडतो आणि त्याच्याशी मनाने बोलतो, ही कल्पना ॲन मॅकॅफ्री या लेखिकेच्या १९६८ सालच्या कादंबरीत आहे. वस्तूचे खरे नाव ज्यास ठाऊक त्याची तीवर सत्ता, हे मंत्रशास्त्र अर्सुला ले ग्विन यांनी त्याच वर्षीच्या आपल्या कादंबरीत सुंदर रीतीने मांडले होते. एकूण काय, तर घर एकाचे, चूल दुसऱ्याची, भांडी तिसऱ्याची, आणि पाहुणचार मात्र आपल्या नावाने, असा हा प्रकार आहे.

उसनवारी बाजूस ठेवली तरी इतर दोष उरतातच. सूर्य साधेपणाने उगवत नाही. त्याला दोन-तीन विशेषणांचे साज चढवावे लागतात. संकट ऐन भरात आले की नायक बेशुद्ध पडतो, आणि शुद्धीवर येईतो कोणीतरी ते निवारलेले असते. असे एकदा नव्हे, अनेकदा घडते. ज्या मामाने लहानाचे मोठे केले त्याचा शोक प्रवासाच्या धांदलीत लवकरच मागे पडतो. पात्रे आपल्या स्वभावाने न वागता कथानकाच्या सोयीने वागतात. जुन्या पिढीतील मराठी वाचकांना १८६१ ची ‘मुक्तामाला’ किंवा १८६८ ची ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्य कादंबऱ्या ठाऊक असतील. त्यांतल्या योगायोगांना आपले समीक्षक हसले. दीडशे वर्षांनी सातासमुद्रापलीकडे तीच हौस नव्या वेषात भेटली, एवढेच.

तथापि मित्रहो, गुण न सांगणे हीही एक प्रकारची लबाडीच होय. या पुस्तकात काही गोष्टी निश्चित चांगल्या आहेत. मुलगा आणि सफिरा यांचा स्नेह खरा वाटतो. निर्जन खोऱ्यात वाढलेल्या एकाकी मुलाला जसा सोबती हवासा वाटेल तसाच तो आहे. दुसरी गोष्ट, यातील जादू फुकटची नाही. एखादे काम हातांनी करण्यास जितकी शक्ती लागेल तितकीच मंत्राने करण्यासही लागते, आणि ती करणाऱ्याच्या अंगातून जाते. वाळवंट ओलांडताना हा मुलगा मंत्राने जमिनीतील पाणी वर काढतो आणि थकून जातो. पाणी वर यावयाचे तर कोणाचा तरी घाम गळावाच लागतो, हे आपल्या तालुक्यातील वाचकाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट आपल्या व्यवसायाशी निगडित आहे. राजाच्या दूतांचा माग काढीत नायक आणि तो म्हातारा एका बंदरगावी पोचतात. तेथे जहाजांच्या मालाच्या नोंदी तपासल्या तर शत्रूचा ठावठिकाणा कळणार असतो. त्या क्षणी उघड होते, की आपल्या नायकाला वाचता येत नाही. ज्याच्या तळहातावर दैवाने चिन्ह उमटवले, जो आकाशात उडाला, तो नोंदवहीच्या एका पानापुढे हतबल होऊन उभा राहतो! म्हातारा मग त्याला अक्षरे शिकवू लागतो.

हा प्रसंग वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. अक्षरांची पहिली ओळख, तिची लाज, तिची चीड, आणि एके दिवशी रेघांतून अकस्मात अर्थ उमटण्याचा तो आनंद यांचा अनुभव आपण प्रतिवर्षी पहिलीच्या वर्गात घेतो. हा लेखक तर स्वतः घरी, आईजवळ बसून शिकलेला. हे दृश्य त्याच्या हाडामांसाचे होते. ते ना त्या चित्रपटात होते, ना टोल्किनच्या ग्रंथात. पण त्याने काय केले? थोड्याच दिवसांत, थोड्याच पानांत नायकाला वाचावयास शिकवले आणि तो पुढच्या उसन्या लढाईकडे धावला. जे कोणापाशी नव्हते ते हातात असता त्याने ते खाली ठेवले, आणि जे सर्वांपाशी होते ते उचलले. माझ्या मते या कादंबरीचा खरा दोष हा आहे. दुसऱ्याचे घेतले म्हणून त्या दुसऱ्याचे काही नुकसान झाले असे नव्हे. टोल्किनचा ग्रंथ जागच्या जागी आहे. नुकसान झाले ते घेणाऱ्याचे, कारण त्याचे स्वतःचे सांगावयाचे राहून गेले.

अनुकरण हे मुळातच पाप आहे, असे मात्र मी म्हणत नाही. व्यासांनी सारे जग उष्टे करून ठेवले आहे, असे आपल्याकडे मानतात. ज्ञानेश्वरांनी गीतेचाच अर्थ सांगितला, पण ज्ञानेश्वरी गीतेची नक्कल झाली नाही. मोरोपंतांची तर एकशेआठ रामायणे सांगितली जातात. राम तोच, सीता तीच, लंका तीच. पण एका रामायणात ओष्ठ्य वर्ण म्हणून येऊ द्यावयाचा नाही असा नेम कवीने स्वतःस घालून घेतला, आणि त्या नेमात त्याची स्वतःची बुद्धी दिसली. जात्यावर ओव्या गाणाऱ्या आपल्या आजीबाईंनी सीतेचा वनवास सांगितला तो स्वतःच्या सासुरवासाच्या बोलीत सांगितला. कथा घेतली, पण तीत आपले दळण घातले.

आपण शिक्षक तर अनुकरणाच्याच मार्गाने शिकवतो. मूल प्रथम कित्ता गिरवते. गुरुजींच्या अक्षरावरून बोट फिरवते, मग खडू फिरवते, मग पेन्सिल. कित्ता गिरविल्यावाचून अक्षर वळणदार होत नाही. परंतु दहावीपर्यंत कित्ताच गिरवीत राहिलेला विद्यार्थी आपण पाहिला आहे काय? कधीतरी हात कित्त्यावरून सुटतो, अक्षर वेडेवाकडे होते, आणि त्या वेडेवाकडेपणातूनच त्या मुलाचे स्वतःचे अक्षर तयार होते. शिक्षकाचे काम तो सुटण्याचा क्षण ओळखणे हे आहे. तो ओळखला नाही तर काय होते, हे मी स्वतःवरून सांगतो.

नोकरीच्या अगदी आरंभीच्या काळात मी एका लहान शाळेत पाचवीच्या वर्गाला शिकवीत होतो. डी.एड. होऊन फार दिवस झाले नव्हते. ज्ञानाचा ताठा होता. एका मुलाने स्वतः लिहिलेली गोष्ट वर्गात वाचून दाखवली. तीत राजा होता, स्मशान होते, झाडावरचे प्रेत होते. दोन वाक्यांतच मी ओळखले, की ही ‘चांदोबा’तील विक्रम-वेताळाची छाप आहे. मी त्याला मध्येच थांबवून, सर्व वर्गादेखत, “ही चोरी आहे” असे म्हटले. मुले हसली. तो खाली बसला. त्यानंतर वर्षभर त्याने निबंध लिहिले ते फळ्यावरचे उतरवून. स्वतःचे एक वाक्यही लिहिले नाही. मी ते पाहिले, आणि शिस्त लागली असे समजून समाधान पावलो.

बऱ्याच वर्षांनी तो मला आठवड्याच्या बाजारात भेटला. आता त्याचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने आदराने नमस्कार केला, चहा पाजला. सोबत त्याचा लहान मुलगा होता. मी सहज विचारले, “याला गोष्टी सांगतोस की नाही?” तो हसून म्हणाला, “गुरुजी, गोष्टी आपल्याला कुठं येतात!” त्याच्या बोलण्यात किल्मिष नव्हते. बहुधा तो प्रसंग त्याला आठवतही नसेल. मला मात्र त्या दिवसापासून विसरता आलेला नाही. त्या गोष्टीत पुढे काय होते, हे मी ऐकूनच घेतले नव्हते. कोणास ठाऊक, कदाचित त्याच्या वेताळाने विक्रमाला एखादा नवाच प्रश्न विचारला असता.

म्हणून त्या मुलीची वही मी दोनदा वाचली. पहिल्या वाचनात मुख्याध्यापकांचे म्हणणे खरे ठरले. निळा दगड, पंख असलेला प्राणी, दुष्ट राजा, तलवार देणारा म्हातारा, शेवटी लढाई. सारे त्या पुस्तकातले. दुसऱ्या वाचनात मी हाती पेन्सिल घेतली, आणि जे पुस्तकात नाही त्यावर तेवढी बारीक खूण करीत गेलो.

पुस्तकातील नायक तो दगड खाटकाला देऊन मांस मागतो. हिच्या वहीत मुलगी सरपणाला गेली असता तिला दगड सापडतो. आठवड्याच्या बाजारात त्याच्या मोबदल्यात ज्वारी मिळते का ते ती पाहते, आणि कोणी घेत नाही म्हणून परत आणते. आजी तो दगड चुलीचा तिसरा दगड म्हणून मांडते, कारण जुना फुटलेला असतो. आठ दिवस त्याच्यावर भाकरी भाजल्या जातात, आणि नवव्या दिवशी चुलीच्या उबेने अंडे उकलते! मी पहिली खूण येथे केली. पुढे पिल्लू मोठे होते आणि त्याला पाणी लागते. गावात टँकर तिसऱ्या दिवशी येतो; घराच्या वाट्याला ठरावीक हंडे. त्यातला एक हंडा रोज कुठे जातो, असे आजी विचारते, आणि मुलीला खोटे बोलावे लागते. दुसरी खूण. दिवाळी होते, आईबाप कोयते घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, मुलगी आजीजवळ राहते. एका रात्री ती त्या प्राण्याच्या पाठीवर बसून कारखान्याच्या मुलखावर उडत जाते. खाली अंधारात कोप्यांचे दिवे दिसतात, पुष्कळ दिसतात. पण त्यातला आपल्या आईचा कोणता हे तिला वरून ओळखता येत नाही.

येथे मी खूण केली नाही. पेन्सिल खालीच राहिली.

आणि लगेच पुढच्या ओळीपासून राजाचे सैन्य येते, तलवारी खणखणतात, आणि उरलेली वीस पाने ती लढाई चालते. म्हणजे त्या परदेशी मुलाने पंधराव्या वर्षी जे केले, तेच आमच्या या मुलीने बाराव्या वर्षी केले. जे तिचे होते ते तीन वाक्यांत आटोपले, आणि जे उसने होते ते वीस पाने लिहिले.

मी पुन्हा त्या शाळेत गेलो. वर्गात नव्हे, व्हरांड्यात, बाईंच्या समक्ष तिच्याशी बोललो. तिने माझे मत मागितले होते. तेव्हा गोड बोलून तिला फसवणे मला योग्य वाटले नाही. पुस्तक कोठे आवडले, कोठे नाही, ते सांगितले. त्यातले बरेचसे दुसऱ्यांच्या पुस्तकांतले आहे हेही सांगितले. ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, “मग माझं पण दुसऱ्याचंच झालं की.” मी म्हणालो, “लढाई दुसऱ्याची आहे. ती मला आधीच ठाऊक होती. पण चुलीचा दगड मला ठाऊक नव्हता, आणि ते दिवेही ठाऊक नव्हते.” तिने खुणा पाहिल्या, पाने मोजली. “मग लढाई काढून टाकू का?” असे तिने विचारले. मी म्हणालो, “नको, राहू दे. ती लिहिताना तुझा हात वळला आहे. पण आधी ती मुलगी खाली उतरते का, आईची कोपी शोधते का, आणि सापडली तर आई काय म्हणते, ते मला सांग.” ती काही बोलली नाही. वही घेऊन गेली.

‘स्वरचित’ म्हणून ती कथा स्पर्धेस पाठवू नये, असा निर्णय मी दिला, आणि तो आजही मला योग्य वाटतो. वर्गशिक्षिका बाईंना वाईट वाटले. मुख्याध्यापकांनी मात्र वहीच्या पहिल्या पानावर तिच्याकडून ‘दादाने सांगितलेल्या गोष्टीवरून’ असे लिहून घेतले आणि ती वही शाळेच्या वाचनपेटीत ठेवली. हा तोडगा त्यांचा, माझा नव्हे; आणि तो माझ्या निर्णयापेक्षा अधिक शहाणपणाचा आहे.

या अनुभवावरून काही सूचना आपणापुढे ठेवतो. त्या आदेश नव्हेत.

१. मुलाचे लेखन दुसऱ्यावरून घेतलेले वाटले तर ‘कोठून चोरलेस’ असे न विचारता ‘ही गोष्ट कोणाकडून ऐकलीस’ असे विचारावे. मूल खरे सांगते. जे सांगेल ते त्याच्याच हाताने वहीवर लिहून घ्यावे. ऋण मान्य करण्याची सवय लहानपणीच लागते.

२. शुद्धलेखनाच्या लाल खुणा करण्यापूर्वी एकदा संपूर्ण वाचावे, आणि जे त्या मुलाचे स्वतःचे आहे त्यावर निराळी खूण करावी. ऐंशी पानांत अशा तीन जागा निघाल्या तरी त्या पुरेशा आहेत.

३. मुलाच्या लेखनाचे दोष त्याला एकट्यास सांगावेत. छापील पुस्तकाचे दोष मात्र वर्गात मोकळेपणाने बोलावेत. सारख्या दोन गोष्टी फळ्यावर मांडून काय घेतले आणि काय नवे घातले, हे मुलांनाच शोधू द्यावे. भाषेच्या तासाला यासारखा खेळ नाही.

४. अशी पुस्तके वाचनपेटीतून काढून टाकू नयेत. सामान्य पुस्तकही मुलाला वाचनाच्या वाटेवर आणते. त्या मुलीला लिहिते केले ते याच सामान्य पुस्तकाने, हे विसरता येत नाही. फक्त त्याच्या शेजारी चांगले पुस्तक ठेवावे, आणि दोन्ही आपण आधी वाचावीत.

५. शेवटची सूचना आपणा सर्वांस, माझ्यासह. ‘माझी शाळा’ आणि ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हे निबंध मार्गदर्शकातून फळ्यावर कोण उतरवतो? टाचणे एकमेकांची कोण उतरवतो? आणि आपल्या शाळांच्या शेरेबुकांत ‘शालेय वातावरण आनंददायी, वाचन-लेखनाकडे अधिक लक्ष द्यावे’ हे वाक्य गावोगाव कोणाच्या हस्ताक्षरात सापडते? ते हस्ताक्षर माझे आहे. मुलांना स्वतःचे लिहा असे सांगण्यापूर्वी आपण आपला कित्ता बाजूस ठेवला पाहिजे. यापुढे प्रत्येक शाळेच्या शेऱ्यात त्या शाळेखेरीज दुसरीकडे लागू पडणार नाही असे निदान एक वाक्य लिहीन, असे मी आपणासमोर कबूल करतो. न लिहिल्यास आपण मला विचारावे.

त्या मुलीविषयी एवढेच सांगावयाचे आहे. गेल्या वर्षी आईबाप टोळीबरोबर गेले तेव्हा बाईंनी दोनदा घरी जाऊन तिला आजीजवळ ठेवून घेतले, आणि तिचे वर्ष पुरे झाले. या वर्षी आजीची प्रकृती बरी नाही. दिवाळीनंतर ती गावात राहील की कोयत्यामागे जाईल, याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे, आणि तो वह्यांवर लागणार नाही. आपल्या प्रत्येकाच्या शाळेत अशी पाच-दहा मुले आहेत. हंगामी वसतिगृहाच्या याद्या या महिनाअखेर तयार व्हावयाच्या आहेत. त्या गेल्या वर्षीच्या यादीवरून उतरवू नयेत. घरोघरी जाऊन, आजी-आजोबांना विचारून, नव्याने कराव्यात, ही माझी आपणास कळकळीची विनंती आहे.

परवा त्या शाळेवरून जाताना बाईंनी मला थांबवून एक निरोप दिला. “साहेबांना सांगा, मुलगी खाली उतरली आहे, पण कोपी अजून सापडलेली नाही.” एवढाच निरोप होता. मी वाट पाहत आहे.